कसंतरी व्हायलंय

विद्यापीठाच्या वसतिगृहातली एखादी खोली डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दहा वाजलेत. एक मुलगा भिंतीकडं तोंड करून पडलाय, फोन उशीखाली सायलेंटवर. काय झालं विचारलं तर म्हणतो, "काही नाही, डोकं दुखायलंय." फारच खोदून विचारलं तर, "नुसतं कसंतरी व्हायलंय." मित्र गोळी आणून देतात, विषय संपतो.

डोकं खरंच दुखत असतं. मात्र त्यामागं काय आहे ते त्याला स्वतःलाच उमगत नाही. याला शास्त्रात नाव आहे, अलेक्सिथायमिया. बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफनिओस यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीक शब्द जोडून ते घडवलं. अर्थ असा, की भावनेला शब्द नसणं. हा आजार नव्हे. कमी-जास्त प्रमाणात कुणातही आढळणारा विशेष आहे. तो मोजायला टोरांटोत बनलेली वीस विधानांची प्रश्नावली जगभर वापरतात.

आघात सोसलेल्यांत ही अडचण जास्त दिसते. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांवर उपचार करताना हेन्री क्रिस्टल यांना ती वारंवार आढळली. आघातामुळं शब्द हरवतात, की शब्द नसल्यामुळं आघात जास्त मुरतो, यावर संशोधकांचा वाद आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालत असाव्यात, असं मला वाटतं.

आपल्याकडं हा विषय परका नाही. छत्रपती संभाजीनगरात १९५८ साली सुरू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात बीड, जालना, धाराशिवच्या खेड्यांतून मुलं येतात. दुष्काळ, कर्ज, शेतकरी आत्महत्या, २०२५च्या सप्टेंबरातला पूर, यातलं काही ना काही अनेकांच्या घरावरून गेलेलं असतं. आणि घरातून शिकवण एकच, रडायचं नाही, अभ्यास कर.

मेंदूत नेमकं काय होतं? धोक्याची चाहूल लागताच अमिग्डला हा बदामाएवढा भाग शरीराला सज्ज करतो. छाती धडधडते, पोटात गोळा येतो. २००७ साली मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं लोकांना रागीट, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूची चित्रं घेतली. चेहऱ्याखाली माणसाचं नाव निवडायचं असताना अमिग्डला जितकी पेटत होती, तितकी भावनेचा शब्द निवडायचा असताना पेटली नाही. कपाळामागचा, आवर घालणारा भाग मात्र जास्त कामाला लागला. भावनेचं नाव घेणं हेच तिला थोडं शांत करणं ठरलं.

त्याआधी, १९८६ साली, जेम्स पेनीबेकर यांनी कॉलेजच्या मुलांनाच चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगावर. लिहून झाल्या झाल्या मुलं जास्त उदास झाली. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. मात्र म्हणून कुणाला धरून-बांधून बोलतं करू नये, हेही तितकंच खरं. जखम ताजी असताना एका बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते. झोप उडाली, तेच ते डोळ्यांपुढं येऊ लागलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे आणि १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांकही.

शब्दांसाठी आपल्याला ग्रीककडं जायची गरज नाही. धास्ती वेगळी, हुरहूर वेगळी, घालमेल वेगळी. धसका तर आघाताचा अस्सल मराठी शब्द. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली, त्यानंतर धड घरांतली माणसंही अंगणात झोपत. त्यांनी 'धसका घेतला' असंच लोक सांगत.

त्या खोलीत जोडीदारानं गोळी दिल्यावर आणखी एवढंच विचारावं, "डोक्यातच होतंय, का छातीत? कधी होतंय?"

मुलगा बराच वेळ गप्प राहतो. मग उशीखालचा फोन चाचपत म्हणतो, "रात्री घरून फोन आला ना, की छातीत धस्स होतंय. दोन वर्षांमागं असाच आलता."