वातीची आवक, वेटोळ्याचा खर्च

समईतील तेल वातीवाटे ज्या गतीने वर चढते त्याच गतीने ते ज्योतीत खर्ची पडले, म्हणजे ज्योत निश्चल राहते. आवक अपुरी झाली की वात स्वतःच जळू लागते व काजळी धरते, आणि आवक फाजील झाली की तेल वातीच्या टोकावरून ओघळून वाया जाते. हा जमाखर्च मनुष्यजातीला सहस्रावधी वर्षांपासून परिचित आहे. ई-सिगारेट नावाच्या अगदी अलीकडच्या उपकरणाने तोच जमाखर्च ज्योत वगळून आणि तिच्या जागी विजेने तापणाऱ्या तारेचे वेटोळे बसवून नव्याने मांडला. आणि त्या उपकरणाच्या ज्या प्रकारात वापरणारा मनुष्य स्वहस्ते तार वळवतो, स्वहस्ते कापूस भरतो आणि काम बिघडले की सगळे उकलून पुन्हा उभारतो, त्या पुनर्बांधणीच्या टाकीत पदार्थविज्ञानाचे काही मूलभूत नियम इतके उघडपणे काम करताना दिसतात की, ज्याला धूम्रपानाशी वा त्याच्या पर्यायांशी काडीचेही कर्तव्य नाही अशा वाचकालाही त्यांचे कौतुक वाटावे.

विषयाला हात घालण्यापूर्वी कायद्याची स्थिती नमूद करणे अगत्याचे आहे. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांना मनाई केली. उत्पादन वा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. तेव्हा पुढील विवेचनाची भूमी ब्रिटन आणि युरोपातील ज्या देशांत प्रौढांना या वस्तूची कायदेशीर मुभा आहे ती होय, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या उपकरणाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येईल. धूर न करता चव व ऊब देणाऱ्या नळीचे एकस्व अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ साली मिळाले होते, परंतु त्या कल्पनेला बाजारपेठ लाभली नाही. पुढे २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने श्राव्यातीत कंपनांनी द्रवाचे तुषार करणारे यंत्र सिद्ध केले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तापणारी तार व तिला भिजते ठेवणारी वात ही जोडी सर्वत्र रूढ झाली. प्रारंभीच्या वाती काचतंतूंच्या दोऱ्याच्या असत आणि वात जळली की संपूर्ण भाग टाकून द्यावा लागे. हा अपव्यय ज्यांना मानवला नाही त्यांनी तो भाग खोलून दुरुस्त करण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या खटपटीतूनच मुळात खोलण्यासाठीच घडवलेली टाकी निर्माण झाली.

तिची रचना अशी असते. काचेच्या रुंद नळीत द्रव भरलेला असतो आणि नळीच्या मध्यभागातून वाफ वर नेणारे धुरांडे जाते. धुरांड्याच्या तळाशी घंटेच्या आकाराचे झाकण असून त्याखाली एक लहानसा कक्ष असतो. कक्षाच्या जमिनीवर दोन खुंट्या असतात, एक धन व एक ऋण. त्यांच्यामध्ये तारेचे वेटोळे स्क्रूंनी आवळलेले असते, वेटोळ्याच्या खालून हवेचे छिद्र येते, आणि दोन्ही बाजूंना द्रव आत येण्यासाठी खाचा ठेवलेल्या असतात. वेटोळ्यातून आरपार घातलेल्या कापसाची दोन टोके या खाचांत उतरलेली असतात. द्रवाने खाचांतून कापसात, कापसातून तारेपाशी जावे, तिथे त्याची वाफ व्हावी आणि खालून येणाऱ्या हवेने ती वर न्यावी, एवढाच सारा व्यवहार आहे.

आता आवकेच्या बाजूकडे वळू. हा द्रव बहुतांशी प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण असतो, आणि त्यात निकोटीन व सुगंधी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध ग्लिसरिनाची श्यानता पाण्याच्या हजारपटीहून अधिक असते, तर प्रोपिलीन ग्लायकॉलची पाण्याच्या काही दशकपटीच भरते. त्यामुळे मिश्रणात ग्लिसरीन जितके वाढवावे तितकी वाफ दाट मिळते खरी, परंतु तितकाच द्रव वातीतून मंद गतीने सरकतो. थंडीच्या दिवसांत तो आणखी आळशी होतो, आणि उन्हाळ्यात बिनतक्रार चालणारी तीच बांधणी डिसेंबरात करपू लागते, याचे कारण हेच.

द्रवाला वर ओढणारी शक्ती म्हणजे केशाकर्षण. जेम्स ज्यूरिन या इंग्रज शास्त्रज्ञाने १७१८ साली असे दाखवले की नलिका जितकी बारीक तितका द्रव तिच्यात अधिक उंच चढतो. हे ऐकून कोणाही नवशिक्याला असे वाटणे साहजिक आहे की कापूस जितका ठासून भरावा, त्यातील तंतूंमधील पोकळ्या जितक्या सूक्ष्म कराव्यात, तितकी वात बलवान होईल; आणि वेटोळे करपण्याच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ याच समजुतीत असते. कारण द्रव किती उंच चढेल हा एक प्रश्न झाला, आणि तो किती वेगाने चढेल हा सर्वस्वी निराळा प्रश्न. दुसऱ्या प्रश्नाचे गणित एडवर्ड वॉशबर्न या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९२१ साली मांडले. त्यानुसार पोकळी बारीक होत गेली की घर्षणामुळे द्रवाची गती घटते, श्यानता वाढली तरी ती घटते, आणि दुप्पट अंतर कापण्यास द्रवाला चौपट वेळ लागतो. टाकीतील वातीला काही मिलिमीटरच उंची गाठायची असते, तेव्हा उंचीची चिंता तिला मुळीच नाही. तिला निकड आहे ती वेगाची. म्हणून वात सैल हवी आणि आखूड हवी. या दोन शब्दांत जाणकारांच्या हस्तकौशल्याचा बराचसा इत्यर्थ येऊन जातो.

व्यवहारात त्याचा तपशील असा पडतो. कापसाची पट्टी वेटोळ्यातून ओढताना किंचित अडखळावी, परंतु वेटोळे वाकडे होईल इतकी घट्ट नसावी. आत ती सर्व वेढ्यांना आतून स्पर्श करील इतकी भरीव असावी, कारण जो वेढा कापसाला टेकत नाही तो कोरडाच तापतो. बाहेर आलेली दोन्ही टोके मात्र विंचरून विरळ करावीत आणि खाचेच्या तळाला जेमतेम पोहोचतील एवढीच लांब ठेवून कापावीत. मग थेंबाथेंबाने द्रव घालून सगळा कापूस भिजवावा आणि टोके खाचांत नुसती विसावतील अशी ठेवावीत, दाबून कोंबू नयेत. कापूसही कोणताही चालत नाही. बोंडातून निघालेल्या कच्च्या कापसाच्या तंतूंवर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो आणि पाणी पिण्यास नाखूश असतो. तो क्षारात उकळून मेण काढले म्हणजेच आतील सेल्युलोज उघडे पडते आणि द्रव आतुरतेने शोषू लागते. विदर्भातल्या जिनिंगमधून निघालेली सरकीविरहित रुई आणि औषधाच्या दुकानातला शोषक कापूस यांच्यातला फरक तो हाच.

एवढे करूनही आवकेची कहाणी पुरी होत नाही, कारण टाकी बंद असते. तिच्यातून द्रवाचा एक थेंब बाहेर गेला की तेवढी जागा रिकामी होते आणि आतील हवेचा दाब उतरतो. बाहेरची हवा बुडबुड्याच्या रूपाने खाचेतून वर येऊन ती जागा भरून काढीपर्यंत पुढचा थेंब खाली येण्यास राजी नसतो. म्हणजे एकाच खाचेतून द्रव खाली आणि हवा वर, अशी दुहेरी रहदारी चालू राहावी लागते, आणि तिच्यावर कापसाचे टोक पहारेकरी म्हणून बसलेले असते. पहारा फार कडक झाला तर बुडबुडा अडतो, दाब उतरलेलाच राहतो आणि टाकी भरलेली असूनही वात कोरडी पडते. पहारा ढिला झाला तर हवा मनमुराद आत शिरते आणि द्रव कक्षात उतरून हवेच्या छिद्रातून गळू लागतो. म्हणून करपट चव आली असता कापूस वाढवणे आणि गळती लागली असता तो कमी करणे, हे सहज सुचणारे दोन्ही उपाय बहुधा उलट फळ देतात.

खर्चाची बाजू तारेच्या हाती असते. विजेने तांबूस तापूनही जळून न जाणारी तार ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते. परंतु निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे एकस्व अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळाले, तोवर घरगुती विद्युत् शेगड्यांना टिकाऊ तारच उपलब्ध नव्हती. त्यानंतर स्वीडनमध्ये हान्स फॉन कांट्सोव्ह यांनी लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांची मिश्रधातू प्रचारात आणली. ती कांथल या नावाने ओळखली जाते. या तारा तापल्या की त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्साइडाचा एक पातळ व चिवट थर धरतो. तो धातूचे पुढील क्षरण थांबवतो आणि शिवाय विद्युत्‌रोधकही असतो. त्यामुळेच एकमेकांना चिकटून बसवलेल्या वेढ्यांतूनही प्रवाह आडवाटेने उडी न मारता ठरल्या मार्गानेच जातो.

वेटोळ्याचा रोध किती होईल याचा अंदाज आधी बांधता येतो. २८ क्रमांकाची कांथल तार ०.३२ मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या एका मीटरचा रोध सुमारे १८ ओहम भरतो. ३ मिलिमीटर व्यासाच्या दांडीवर तिचे सहा वेढे घेतले आणि खुंट्यांपर्यंतचे दोन पाय धरले तर सुमारे ७ सेंटिमीटर तार लागते, म्हणजे रोध १.३ ओहमच्या आसपास येतो. त्यावर ४ व्होल्ट लावले असता सुमारे ३ अँपिअर प्रवाह वाहून १२ वॉट शक्ती खर्च होते. रोध निम्मा केला की त्याच विजेरीवर शक्ती दुप्पट होते आणि विजेरीतून ओढला जाणारा प्रवाहही दुप्पट होतो. हा प्रवाह विजेरीच्या मर्यादेपलीकडे गेला तर लिथियमची विजेरी पेट घेऊ शकते. म्हणून वेटोळे कक्षाच्या भिंतीला वा झाकणाला टेकत नाही आणि रोध हिशेबाप्रमाणेच आला आहे, याची मापकावर खातरजमा केल्यावाचून कळ दाबणे हा निव्वळ अविचार होय.

कापूस घालण्यापूर्वी आणखी एक संस्कार करावा लागतो. अल्प शक्तीवर थोडाथोडा वेळ तार तापवून पाहिली असता, नवे वेटोळे कुठेतरी एकाच ठिकाणी आधी लाल होते; वेढे असमान बसल्याची किंवा स्क्रू सैल राहिल्याची ती खूण असते. चिनी मातीच्या टोकांच्या चिमट्याने वेढे सारखे करून, लाली मध्यभागी उमटून दोन्ही बाजूंना समान पसरेपर्यंत हे काम चिकाटीने करावे लागते. एका ठिकाणी फाजील तापणारी तार तेवढ्याच जागचा द्रव आधी संपवते, आणि बाकीची वात कितीही ओली असली तरी तेवढ्या टीचभर कापसाला ती जाळते.

ही जळण्याची गोष्ट चवीपुरती मर्यादित नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ आणि ग्लिसरीन २९० अंशांना उकळते; जोवर तार ओली आहे तोवर तिला मिळणारी उष्णता मुख्यतः बाष्पीभवनात खर्च होते आणि तापमानाला आपोआप लगाम बसतो. वात कोरडी पडली की तो लगाम तुटतो, तापमान झपाट्याने चढते, कापसाचे सेल्युलोज करपते आणि उरलेल्या ग्लिसरिनाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड व ॲक्रोलीन ही अपायकारक द्रव्ये निर्माण होतात. कढईतले तेल करपल्यावर घशाला झोंबणारा जो उग्र वास सुटतो त्यात हेच ॲक्रोलीन असते. काही यंत्रांत निकेल किंवा पोलादाची तार वापरून, तापमानाबरोबर वाढणारा तिचा रोध मोजत राहून, मर्यादा ओलांडताच वीज तोडण्याची तजवीज केलेली असते. तथापि असा बंदोबस्त वातीच्या दोषाची सूचना देतो, तो दोष दुरुस्त करीत नाही.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने टाकीची धारणा २ मिलिलिटर आणि निकोटिनाचे प्रमाण दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम एवढ्यावर मर्यादित केले. ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या व्हेपवर बंदी घातली असून, पुन्हा भरता व पुन्हा बांधता येणाऱ्या साधनांना तिथे वाव राहिला आहे. धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढाला सिगारेटपेक्षा हे साधन कमी घातक, परंतु निर्धोक नव्हे, अशी तिथल्या आरोग्यव्यवस्थेची भूमिका आहे. आपल्या संसदेने याच वस्तूबाबत संपूर्ण मनाईचा मार्ग पत्करला. या वादाचा निर्णय वातीच्या शास्त्राने होणारा नाही. सैल व आखूड वात, सम तापणारे वेटोळे आणि मोजूनमापून दिलेली शक्ती यांनी करपण्यातून उद्भवणारा अपाय टळतो. निकोटिनाचे व्यसन मात्र उत्तम बांधलेल्या टाकीतही तितकेच चिकट राहते, आणि कारागिरीत रमलेल्या मनुष्याला या दोन गोष्टींतला भेद विसरण्याचा मोह इतरांपेक्षा अधिक पडतो.