महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च आणि मोबदला : मंगळवार पेठेच्या संदर्भात

महाविद्यालयीन शिक्षण परवडते काय, हा प्रश्न बहुधा शुल्काच्या अंगाने विचारला जातो. तथापि शुल्क हा या खर्चाचा एक भाग, आणि अनुदानित महाविद्यालयांत पुष्कळदा लहान भाग होय. कोल्हापुरातील मंगळवार पेठेत राहणाऱ्या बारावी उत्तीर्ण मुलास शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या वर्कशॉपमध्ये काम मिळू शकते. समजा, तेथे त्यास दरमहा 10,000 रुपये मिळाले असते. तर पदवीच्या तीन वर्षांसाठी त्याने 3,60,000 रुपयांवर पाणी सोडले. पदवीमुळे पुढे दरमहा 3,000 रुपये अधिक मिळाले, तरी एवढी रक्कम भरून येण्यास दहा वर्षे लागतील. कामावर गेलेल्या सोबत्याचा पगारही दरम्यान वाढत असतो, हे येथे हिशेबात धरलेले नाही.

याच शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी हा हिशेब राजर्षी शाहू महाराजांनी अचूक ओळखला होता. राजाराम महाविद्यालय 1880 पासून होते. परंतु खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाने शहरात राहावे कोठे आणि जेवावे काय, हा खरा अडसर होता. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले व पाठोपाठ इतर समाजांची वसतिगृहे उभी राहिली. 26 जुलै 1902 च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्यात आल्या. वसतिगृहाने खर्च हलका केला, तर आदेशाने शिक्षणाच्या मोबदल्याची हमी वाढविली. केवळ शुल्कमाफीने हे साधले नसते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आज या दोन बाजूंची सांगड सैल झालेली दिसते. महाराष्ट्र शासनाने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थिनींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली, हे स्वागतार्हच आहे. मात्र बुडालेली मजुरी शुल्कमाफीने भरून येत नाही. मुलींच्या बाबतीत हिशेबच निराळा असतो. त्यांच्यापुढील पर्याय अनेकदा पगाराची नोकरी नसून घरकाम व विवाह हा असतो. शिवाय पदवीचा लाभ सासरी जाणार, या समजुतीमुळे माहेरचा हात आखडता राहतो.

सर्वाधिक तोटा होतो तो दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडणाऱ्याचा. त्याची मजुरीही जाते आणि पदवीही हाती येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र, तर दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. परंतु वर्कशॉपच्या मालकाने त्या कागदाची किंमत ओळखली तरच ही तरतूद उपयोगी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1947 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या महाविद्यालयाने ‘कमवा व शिका’ हा मार्ग घालून दिला. वर्ग सकाळच्या सत्रात भरवून दुपार कामासाठी मोकळी ठेवणे, हा त्याच मार्गाचा बिनखर्चाचा भाग आहे. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. वेळापत्रक आपणच आखतो.