दिव्यांग विद्यार्थ्यांच्या परीक्षा सवलती (भारत)

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या परीक्षा सवलती म्हणजे भारतातील विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या परीक्षांत दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळणारा वाढीव वेळ, लेखनिक आणि तत्सम सोयी होत. व्यवहारात ‘सवलत’ हा शब्द रूढ असला, तरी कायद्याच्या दृष्टीने हा हक्क आहे.

कायदेशीर आधार

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. वाजवी सोय नाकारणे हा या कायद्यानुसार भेदभावच ठरतो. कलम १७ मध्ये वाढीव वेळ व लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५% जागा लक्षणीय, म्हणजे ४०% किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात.

नोंदणी

सोयी मिळण्यासाठी विद्यार्थ्याला संस्थेकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत सक्षम वैद्यकीय प्राधिकरणाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) जोडले जाते. अनेक संस्थांत हे काम समान संधी कक्षाकडे असते. इतरत्र प्राचार्यांमार्फत अर्ज परीक्षा विभागाकडे जातो. मंजुरीचे पत्र परीक्षा केंद्रापर्यंत वेळेत पोहोचणे आवश्यक असल्याने प्रवेशानंतर लगेच नोंदणी करणे सोयीचे ठरते.

वाढीव वेळ व लेखनिक

केंद्र शासनाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासामागे किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ दिला जातो. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेसाठी तो एक तास होतो. लेखनिकास पात्र असूनही तो न घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा वेळ मिळतो. अंधत्व, दोन्ही हातांचे अस्थिव्यंग आणि मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेल्यांनी इच्छा दर्शविल्यास लेखनिक दिला जातो. लक्षणीय दिव्यांगत्वाच्या अन्य प्रकारांत लेखनाची अडचण असल्याचे शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचे, उदाहरणार्थ जिल्हा शल्यचिकित्सकांचे, प्रमाणपत्र लागते. विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता विद्यार्थ्याच्या पात्रतेपेक्षा एक पायरी खाली असावी लागते.

न्यायालयीन निर्णय

विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्णय दिला. लेखनात अडथळा आणणारा विकार असलेल्या उमेदवाराला ४०% दिव्यांगत्व नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ४०% ची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी असून वाजवी सोयीसाठी नाही, हा या निर्णयाचा गाभा होय. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने ४०% पेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या व लिहिण्यात अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या.

तक्रार निवारण

सोय नाकारली गेल्यास नकार लेखी घेऊन प्रथम संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्यापुढे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात हे आयुक्तालय पुणे येथे आहे. परीक्षेत गेलेला वेळ नंतर भरून देणे कठीण असल्याने परीक्षेपूर्वीच केलेली तक्रार अधिक उपयुक्त ठरते.