बर्फावरची सायकल

खिडकीबाहेरचा तापमापक उणे १८ अंश दाखवत होता. सकाळचे पावणेआठ झाले होते, तरी बाहेर मिट्ट काळोख. आणि माझी लेक चार वर्षांच्या नातवाला सायकलच्या मागच्या खुर्चीत बसवत होती. मी दार अडवून उभा राहिलो. "बेटा, आज टॅक्सी मागव." ती हसली. "अब्बा, उद्या तुम्हीच चला सोबत. मग बोलू."

हे शहर म्हणजे फिनलंडमधलं औलू. बोथनियाच्या आखाताच्या काठी, आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे १७० किलोमीटर दक्षिणेला, वस्ती दोन लाखांवर. लेक आणि जावई नोकरीनिमित्त तिथे असतात. मी मिरजेचा; पारा १२ वर आला की कानटोपी शोधणारा. पण शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची सायकल घेऊन निघालो.

पहिले शंभर पावलं हँडल असं घट्ट धरलं होतं, की बोटं थंडीने बधिरली की भीतीने, ते कळेना. मग लक्षात आलं, चाक घसरतच नाहीये. खळीचं कोरं कापड चुरगळावं तसा करकर आवाज येत होता, इतकंच.

लेकीने वाटेत उलगडा केला. कडाक्याच्या थंडीत दाबून बसलेला बर्फ कोरडा असतो, चाकाला धरतो. बर्फ निसरडा होतो तो शून्याच्या आसपास, वर पाण्याचा पातळ थर आला की. म्हणून औलूत सायकलच्या वाटेवर मीठ टाकत नाहीत. मिठाने बर्फाचा राडा होतो आणि थंडी वाढली की तोच राडा खड्ड्याखड्ड्यांनी गोठतो. त्याऐवजी यंत्र बर्फ बाजूला करतं, खाली राहिलेला थर दाबून खरवडतं, वर बारीक खडी पसरतं. तेही लोक घराबाहेर पडायच्या आत. मला विचाराल तर सगळी गोम इथेच आहे. फिनिश माणूस काटक म्हणून सायकल चालवतो, हे खरं नाही; सकाळी वाट साफ असणार याची त्याला खात्री असते, म्हणून चालवतो.

हे एका वर्षात झालेलं नाही. सत्तरच्या दशकापासून हे शहर सायकलच्या वाटा आखत आलं. आज त्या नऊशे किलोमीटरहून अधिक आहेत. मोठा रस्ता आडवा आला की सायकल भुयारातून खालून जाते, त्यामुळे शाळकरी पोरं मोटारींच्या समोर येतच नाहीत. हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद २०१३ साली इथेच भरली. (पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. तिथे बर्फ कधीच पडला नाही, तरी सायकली गेल्याच.)

बाकीच्या युक्त्या साध्या. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवायची. वळणावर ब्रेक दाबायचा नाही, वळण्याआधीच वेग कमी करायचा. बऱ्याच सायकलींना पॅडल उलटं फिरवलं की लागणारा ब्रेक असतो. त्यात तार नाही, म्हणून ती गोठण्याचा प्रश्न नाही. आणि कपडे इतकेच घालायचे की निघताना किंचित थंडी वाजावी. मी तीन स्वेटर चढवले होते. दहा मिनिटांत घामाने भिजलो आणि सायकलवरून उतरल्यावर तोच घाम असा गारठला, की बालवाडीच्या दारात माझे दात वाजू लागले. नातू मागच्या खुर्चीत मजेत गाणं म्हणत होता.

परतायच्या आठवड्यात पारा शून्यावर आला, रिमझिम पाऊसही झाला. मला वाटलं, आता सुखाचे दिवस. मोठ्या ऐटीत सायकल बाहेर काढली. लेकीच्या टायरना पोलादी खिळे होते, माझ्या साधे. तिने एकदा वाटेकडे पाहिलं. काचेसारखी चकाकत होती.

"उतरा अब्बा," ती म्हणाली, "आज तुम्ही चालत."