डोळे मिटा, बोट ठेवा

कुष्ठरोग शोध मोहिमेत घरं सकाळी लवकर गाठावी लागतात. मूल-सिंदेवाहीकडे धानकापणी लागली की माणसं उजाडताच शेतावर जातात, दिवेलागणीला परततात. आणि बल्बच्या पिवळ्या उजेडात फिकट चट्टा सुटून जातो. आशाताई बायकांना आत तपासते, सोबतचा स्वयंसेवक पुरुषांना अंगणात. पाठ आणि कंबर आधी, कारण ती माणसाला स्वतःला दिसत नाही.

संशयित आरोग्य केंद्रात येतो. गजकर्ण खाजतं, शिब्याचा कोंडा सुटतो, कोडाच्या डागावर स्पर्श कळतो. कुष्ठाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं अंगावर राहतो.

"बाबा, डोळे मिटा. लागलं तिथं बोट ठेवा."

डॉक्टर बॉलपेनचं टोक हलकेच टेकवतात, ओढत नाहीत. आधी चांगल्या कातडीवर, मग चट्ट्यावर. म्हातारा भीतीपोटी दर वेळी "लागते जी" म्हणतो, पापणी किलकिली करतो. मग डॉक्टर पेन न टेकवताच विचारतात. तरीही "लागते"च! पुन्हा पहिल्यापासून समजावणं आलं. यंत्राचा पत्ता नाही. सगळा भरवसा रुग्णाच्या खऱ्या उत्तरावर. नंतर कोपराच्या हाडामागची नस दोन्ही हातांवर चाचपून बघतात, नजर मात्र त्याच्या चेहऱ्यावर.

गरज पडली तर कानाची पाळी रक्त हटेपर्यंत चिमटीत धरून बारीक छेद देतात, खरवडलेला रस काचपट्टीवर पसरून रंगवतात. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या की निदान पक्कं. न दिसल्या तरी बधिर चट्टा पुरेसा असतो. हा जिवाणू हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला, पण प्रयोगशाळेतल्या कृत्रिम खाद्यावर तो आजही वाढत नाही. दुप्पट व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. लक्षणं दिसायला पाच वर्षं, कधी वीसही.

"मांजरीच्या तोंडावर गाठी होत्या, तिच्यापासून तर नाही ना आलं?" सोबत आलेल्या म्हातारीचा प्रश्न वेडगळ नाही. मांजरांना कुष्ठासारखा आजार होतो, त्याच्या गाठीतला रस याच रंगाने रंगवून तपासतात. पण तो घडवणारे जिवाणू दुसऱ्या जातींचे; त्यातला एक उंदरांचा. माणसाचा कुष्ठ मांजर देत नाही. मांजरीला हाकलू नका, एवढं सांगून डॉक्टर पुढे सरकले.

चट्टे पाचपर्यंत असले तर औषध सहा महिने, जास्त असले तर बारा. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, तेव्हा ही बहुऔषधी पद्धत नव्हती; ती १९८२ ची. आता सहवासातल्यांनाही रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे, कारण शेजाऱ्याला डोस द्यायचा तर कशासाठी हे सांगावं लागतं, आणि त्याला रुग्णाची परवानगी लागते. म्हाताऱ्याने घरच्यांपुरती दिली.

"शेजारी मी बोलतो," तो म्हणाला, "पण कापणी होऊ द्या आधी."