उचललेल्या वाहनाखाली काम करताना

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. उसाने भरलेली ट्रॉली कडेला थांबलेली, एक चाक काढलेले, आसाखाली जॅक आणि ट्रॉलीखालून बाहेर आलेले चालकाचे दोन पाय. कित्येक टनांचा हा भार त्या वेळी जॅकमधील थोड्याशा तेलावर तोललेला असतो.

द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे १७ व्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले. तेलाचा जॅक याच नियमावर चालतो. लहान दट्ट्यापेक्षा मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ दसपट असेल, तर जोरही दसपट मिळतो. मात्र आतील रबरी सील झिजले किंवा झडपेत कचरा अडकला, की तेल मागे सरकते व भार खाली येतो; कधी हळूहळू, कधी एकदम. स्क्रूच्या जॅकमध्ये तेल नसते, परंतु त्याची बैठक अरुंद असल्याने मऊ जमिनीवर तो कलंडतो. म्हणून जॅक उचलण्यासाठी वापरावा. धरून ठेवण्याचे काम लोखंडी स्टँडचे, म्हणजे कारागीर जिला घोडी म्हणतात तिचे आहे. घोडी भार पेलण्याच्या क्षमतेची असावी व कठीण, सपाट जागेवर ठेवावी. विटांची किंवा जांभ्या दगडांची चळत हा तिला पर्याय नव्हे. एका ठिकाणी भार एकवटला, की वीट पूर्वसूचना न देता फुटते.

दुसरा धोका घरंगळण्याचा. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक केवळ मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलताच ती चाके अधांतरी होतात आणि पुढच्या मोकळ्या चाकांवर गाडी सरकू शकते. काही जुन्या जीपमध्ये हा ब्रेक चाकांवर नसून मागच्या आसाकडे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. अशा जीपचे मागचे एकच चाक उचलले, तर डिफरन्शियलमुळे ते उलटे फिरते व जमिनीवरचे चाक पुढे सरकते. ब्रेक मात्र ओढलेलाच असतो! तेव्हा जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावल्याखेरीज जॅकला हात लावू नये. एस.टी.च्या आगारांत खड्ड्यांची सोय असते, तीमुळे पुष्कळशी कामे बसची चाके जमिनीवर ठेवूनच करता येतात.

ग्रामपंचायतीकडे ट्रॅक्टरची उलटणारी ट्रॉली असल्यास तिचाही विचार व्हावा. वर उचललेला हौदा तेलाच्या नळीवर विसंबून असतो. नळी फुटली, किंवा कोणाचा हात चुकून दांड्याला लागला, तर तो क्षणात खाली येतो. ग्रीस लावण्यासाठी आत वाकण्यापूर्वी रिकाम्या हौद्याला भक्कम लोखंडी टेकू दिलाच पाहिजे.

रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये अंगाने बारीक म्हणून मुलांनाच गाडीखाली पाठविले जाते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला गॅरेजमध्ये कामाला ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे. सुट्टीनंतर वर्गात न परतलेला विद्यार्थी कोठे आहे, याची चौकशी शिक्षकांनी अवश्य करावी.

गाडीखाली कोणी सापडलेच, तर दहाजणांनी मिळून ती हलविण्याचा मोह आवरावा. छाती दाबली गेल्यावर श्वास काही मिनिटांतच थांबतो हे खरे. पण हिसक्याने गाडी पुन्हा त्याच देहावर बसते. चाकांना दगड लावून दुसऱ्या जॅकने ती उचलावी, जसजशी उचलली जाईल तसतसे खाली लाकडी ठोकळे सारावेत आणि त्याच वेळी एकाने १०८ क्रमांकावर कळवावे. सुटका झालेला मनुष्य बोलू लागला, तरी त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे. दीर्घकाळ चेंगरलेल्या स्नायूंतील द्रव्ये दाब निघाल्यावर रक्तात मिसळतात आणि त्यांचा आघात हृदय व मूत्रपिंडांवर होऊ शकतो.