लाकडी जमीन : तळथराचे सपाटीकरण

ओक, मॅपल, साग इ. कठीण लाकडांच्या फळ्या ज्या पृष्ठावर बसवून जमीन तयार करतात, त्याला तळथर म्हणतात. उत्तर अमेरिकेतील घरांत तो बहुधा लाकडी तुळयांवर ठोकलेल्या प्लायवुडाचा, तर बहुमजली इमारतींत काँक्रीटचा असतो. फळ्या जीभ-खाच सांध्याने एकमेकींत अडकविलेल्या असतात. तळथरातील खळग्यावरची फळी अधांतरी राहून पावलागणिक लवते. त्यामुळे जमीन करकरते, खिळे सैल होतात व अखेरीस सांध्याची जीभ मोडते. उंचवट्यावर फळ्या डोलतात व सांधे उघडतात. हे दोष मागाहून दूर करण्यासाठी जमीन उखडावी लागते.

परीक्षण : सपाटपणा व समपातळी या भिन्न गोष्टी आहेत. किंचित उतरती पण सपाट जमीन चालू शकते. पाणसळीने केवळ उतार कळतो, म्हणून सु. ३ मी. लांबीची सरळ धारेची पट्टी निरनिराळ्या दिशांनी ठेवून तिच्याखालील फट मोजतात व उंचसखल जागा खडूने दाखवितात. खिळ्यांनी ठोकावयाच्या जमिनीसाठी ३ मी. लांबीत सु. ६ मिमी., तर चिकटवावयाच्या जमिनीसाठी सु. ५ मिमी. फरक ग्राह्य मानतात.

दुरुस्ती : प्रथम कारण शोधतात. गळती, कुज वा वाळवी यांमुळे तुळई खचली असल्यास तिचा बंदोबस्त करून शेजारी जोडतुळई बसवितात. सुटलेले प्लायवुड स्क्रूने आवळतात, फुगलेल्या कडा घासतात आणि खळग्यांत प्लायवुडाचे तुकडे वा डांबरी नमद्याचे थर कडांकडे निमुळते करून घालतात. काँक्रीटचे उंचवटे घासून काढतात. खळग्यांवर अस्तरद्रव्य लावून आपोआप पसरणारे सिमेंटयुक्त मिश्रण ओततात. या मिश्रणात खिळे धरत नाहीत व ते तडकते. म्हणून ठोकावयाच्या जमिनीखाली ते सहसा वापरीत नाहीत.

ओलावा व सुरक्षितता : काँक्रीटला २८ दिवसांत अपेक्षित बळकटी येत असली, तरी ते पूर्ण वाळलेले नसते, म्हणून ओलावा मोजूनच फळ्या बसवितात. ७५ मिमी.पेक्षा अरुंद फळ्या व लाकडी तळथर यांच्या जलांशांतील फरक ४ टक्क्यांहून, तर अधिक रुंद फळ्यांच्या बाबतीत २ टक्क्यांहून जास्त नसावा. काँक्रीट घासताना उडणाऱ्या सिलिकायुक्त धुळीने फुप्फुसांचा सिलिकामयता हा असाध्य रोग जडतो. यासाठी धूळ शोषणारे यंत्र व योग्य मुखवटा वापरणे आवश्यक असते. जुन्या फरश्या व त्यांखालील काळा चिकटा यांत ॲस्बेस्टस असू शकते. त्यामुळे तपासणीपूर्वी ते घासू नयेत.